नात फार खाते

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! खोकी अजून दोरीसकट पडली आहेत, चहाचं भांडं कुठल्या खोक्यात आहे ते देवाला ठाऊक, पण रोजनिशी सापडली, म्हणजे अर्धा संसार लागला असं समजायला हरकत नाही. घर लहान आहे आणि मला फार आवडलं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि खिडकीतून नजर पोचेल तिथवर कोबीची शेतं. भिंगरीने आल्या आल्या सगळीकडे चकरा मारल्या आणि घर पास झाल्याचं जाहीर केलं. माझी लेक सहा वर्षांची आहे. एका जागी टिकत नाही म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं हे नाव. ते गेल्यापासून तिला अशी गिरकी घेताना मी पाहिलं नव्हतं. मला एकदम रडू आलं, मग खोकं उचलायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

घराच्या पाठीला पाठ लावून पिकांवरच्या किडींचं संशोधन केंद्र आहे. उद्यापासून तिथे कामावर. किल्ली द्यायला एक वयस्क गृहस्थ आले होते, सगळे त्यांना मामा म्हणतात. फार घाईत होते. म्हणाले की लेकीला अजून पाणी द्यायचंय, आणि नात तर सकाळपासून खातेच आहे, नुसती खाते, अंगाला काही लागत नाही. मी आपुलकीने विचारलं की जंताचं औषध देऊन पाहिलं का. मामा माझ्याकडे क्षणभर बघत राहिले आणि मग पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मला काही कळलं नाही. माणूस विक्षिप्त दिसतो, पण चांगला असावा.

४ नोव्हेंबर

कळलं! आई, लेक आणि नात ही मामांच्या घरची माणसं नाहीत, त्या तीन खोल्या आहेत. आणि नात अळ्यांनी भरलेली आहे, त्यामुळे माझं जंताचं औषध दुपारपर्यंत केंद्रभर पोचलं होतं.

तिन्ही खोल्यांत तोच कोबी, तेच किडे. चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात त्याला. पतंग नखाएवढा, अळी हिरवी आणि इतकी बारीक की दोन बोटांत धरायची म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. तिचा, आपला नव्हे. फरक फक्त हवेचा. ‘आई’मध्ये आजची हवा. ‘लेक’मध्ये आमची मुलं आमच्या वयाची होतील तेव्हाची, म्हणजे जास्त तापलेली. आणि ‘नात’मध्ये त्यांच्याही मुलांच्या वेळची. केंद्राच्या प्रमुख, ज्यांना सगळे बाई म्हणतात, त्या कागदावर खोली एक, दोन, तीन असं लिहितात. पण घाईत असल्या की त्याही विचारतात, नातीचं काय म्हणणं आहे.

नावं मामांनी ठेवली. त्यांना ना लेक, ना नात. म्हणाले की एवढी वर्षं रोज खाऊपिऊ घालायचं, मग नावाने हाक मारली तर काय बिघडतं.

१० नोव्हेंबर

काम हाताला बसलं. सकाळी आत जायचं. दोन दारं आहेत, पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि बाहेर येताना केस, बाह्या, खिसे सगळं झटकायचं, नाहीतर पतंग आपल्या अंगावरून फुकट सहल करून येतात. मऊ कुंचल्याने अळ्या उचलायच्या, जुनी पानं काढायची, नवी घालायची, कोष मोजायचे. ‘आई’त सगळं संथ चालतं. ‘लेक’मध्ये अंडी घातली म्हणेपर्यंत पतंग उडायला लागतात. ‘नात’मध्ये पिढ्यांवर पिढ्या निघतात, एकीचा दुसरीशी मेळ नाही. उन्हाने अळीची भूक वाढते आणि वाढही लवकर होते, एवढं मला ठाऊक होतं. पण मामांनी एक गोष्ट दाखवली. ‘नात’मधला कोबी दिसायला जबरदस्त, परातीएवढी पानं. हातात घेतलं तर हलकं. त्या हवेत पान फोफावतं, पण त्यात सत्त्व राहत नाही. म्हणून अळीला पोट भरायला दुप्पट खावं लागतं. खाते, पण अंगाला लागत नाही. त्या दिवशी मामा विनोद करत नव्हते.

नातीच्या खोलीत स्वस्थ उभं राहिलं तर खाण्याचा आवाज येतो. कोणीतरी शेजारच्या खोलीत कागद चुरगाळत बसल्यासारखा.

१७ नोव्हेंबर

भिंगरीचं जेवण म्हणजे माझी रोजची परीक्षा. पावाच्या कडा चारी बाजूंनी कुरतडायच्या आणि मधला गोल तुकडा ताटलीत ठेवून द्यायचा. उद्यासाठी, म्हणते. हे तिला कोणी शिकवलं देव जाणे. मी म्हटलं की तुझा उद्या येईपर्यंत त्याचा दगड होतो बाई, खा गुपचूप. पण ताटली मात्र नंतर रिकामी असते. समजूत पटली म्हणायची.

थंडीचा पत्ता नाही. स्वेटरचं खोकं मी अजून उघडलेलंही नाही.

२६ नोव्हेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली. ‘नात’मध्ये सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीलगतच्या रोपावर एक पान असं खाल्लेलं होतं की कडा चारी बाजूंनी गेलेल्या आणि मध्ये गोल तुकडा जसाच्या तसा. देठासकट. ही अळी असं खात नाही. ती मधूनच खरवडते, पानाला पापुद्र्याच्या खिडक्या पाडते. मी ते पान खूप वेळ हातात घेऊन उभी होते. कडेला दातांच्या बारीक खुणा होत्या. छोट्या दातांच्या.

भिंगरी आत शिरली असावी असं वाटून घरी येऊन खडसावलं. तिने शपथ घेतली की ती आत कधीच गेली नाही. मग खाली बघून म्हणाली की आत जाता येत नाही ना, जाळी आहे. कसली जाळी, विचारलं तर गिरकी घेऊन पळाली.

४ डिसेंबर

बाई आज रागात होत्या. बाहेरच्या शेतांत पतंग दिसायला लागले आहेत, ते या दिवसांत दिसत नाहीत. त्यांना वाटलं आमच्या खोलीतून सुटले. दारं, फटी, माझे खिसेसुद्धा तपासले. काही सापडलं नाही. मग बाई स्वतः शेतात गेल्या, कोष वेचून आणले आणि भिंगाखाली धरले.

आमच्याकडून सुटलेले नव्हते. बाहेरचेच होते. दरवर्षी थंडी पडते आणि बहुतेक मरून जातात. मामा म्हणतात की थंडी हा शेतकऱ्याचा बिनपगारी रखवालदार, आणि या वर्षी रखवालदार कामावर आलाच नाही. मी हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या की बाहेरचे कोष आणि ‘लेक’मधले कोष यांत त्यांना आता फरक करता येत नाही.

११ डिसेंबर

भिंगरी वाळली आहे. आज आंघोळ घालताना पाठीचे मणके हाताला लागले. ताटली तर रोज चाटूनपुसून रिकामी असते. खाते, पण अंगाला—

नको ते वाक्य. लिहिणार नाही.

१२ डिसेंबर

जाळी सापडली. स्वयंपाकघरात, कणगीच्या मागे, भिंतीत खाली हवेसाठी एक झरोका आहे. पलीकडे ‘नात’. भिंगरी तिथे पालथी पडून पावाचे मधले तुकडे एका कोपऱ्यातून आत सरकवत होती आणि कुजबुजत होती. मला पाहून दचकली, पण खोटं बोलली नाही. माझी लेक खोटं बोलत नाही.

म्हणाली की आत एक मुलगी आहे. तिला फार भूक लागते. तिच्याकडे पानं आहेत, पण पानांनी पोट भरत नाही. तीसुद्धा कडा आधी खाते आणि मधलं ठेवते, कारण तिच्या आईने तसंच शिकवलंय, उद्यासाठी. मी विचारलं की मग तिची आई कुठे आहे. भिंगरी म्हणाली की खायला काही मिळतं का ते बघायला गेली. सांगून गेली की मी येईपर्यंत दार उघडू नकोस. अजून आली नाही.

मी ओरडले नाही. तिला कुशीत घेतलं. बाप गेलेली पोर, नवं गाव, मैत्रीण नाही. मनाने एखादी रचली तर तिचा काय दोष. तसंच स्वतःला समजावलं.

झरोक्यावर फळी ठोकली. ठोकताना आतून हलकेच कोणीतरी ठोकलं, माझ्या हातोडीच्या तालावर. प्रतिध्वनी असेल.

१३ डिसेंबर

मामांना सांगितलं. मला वाटलं हसतील. मामांनी हातातली झारी खाली ठेवली. म्हणाले की ती त्यांनाही ऐकू येते, बऱ्याच वर्षांपासून. वाटायचं, एकट्या माणसाला होतात भास. म्हणून तर त्या खोलीला नात म्हणायला लागले, बाकीची नावं मागून आली. मग थोडं कसनुसं हसून म्हणाले की पण मला कधी आजोबा म्हणाली नाही हो. हाक मारते ती आजीला.

१८ डिसेंबर

बाईंनी आज ‘लेक’चं हीटर बंद केलं आणि जाळी तेवढी ठेवून खिडकीची काच उघडली. मी विचारलं की खोली थंड नाही का होणार. त्यांनी तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा जागचा हलला नाही. आम्ही तिघं त्या काट्यासमोर उभे होतो. एवढी यंत्रं लावून आम्ही जी हवा आत कोंडून ठेवली होती ती बाहेर मोकळी फिरत होती. मुलांची मुलंबाळं सोडाच, मुलं मोठी होईपर्यंतसुद्धा ती थांबली नाही.

भिंगरीला थोडी कणकण आहे. पाव समोर धरला तर विचारते की तिच्यासाठी ठेवलास का.

२१ डिसेंबर

लिहायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल.

भिंगरी घरी झोपली होती. तिला म्हटलं होतं की मी येईपर्यंत दार उघडू नकोस, मामा खिडकीतून डोकावून जातील. मी ‘आई’मध्ये पानं बदलत होते. अंगणातून मामांची हाक आली की ताई, लेक तापलीय, लवकर या.

मी धावले. ‘लेक’मध्ये. पोती भिजवून खिडकीवर टांगली, पंखा लावला, काट्याकडे बघत बसले. काटा होता तिथेच होता. मनात म्हटलंसुद्धा की मामा उगीच घाबरवतात. कुंडीतल्या रोपांना पाणी घातलं. पानांवरून हात फिरवला. माझी लेक भिंतीपलीकडे फणफणत होती आणि मी एका खोलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते.

मामा धापा टाकत दारात आले. म्हणाले, अहो ताई, इथे काय करताय? तुमची लेक.

घरी आले तेव्हा ती पलंगावर नव्हती. कणगीमागे, फळीला गाल लावून पडली होती. अंगाला हात लावता येत नव्हता इतकं भाजत होतं. मला म्हणाली की आई, तू आलीस ना, तिची नाही आली.

२४ डिसेंबर

डॉक्टर येऊन गेले. मला बाजूला घेऊन विचारलं की मुलीला घरी पोटभर जेवायला मिळतं ना. लाजेने मेले. ताप उतरत नाही. औषध लागू पडत नाही. मी उशाशी बसून पाव दुधात कालवून भरवते, ती ओठ मिटून घेते. आजच्या आज खाऊन टाकायचं नाही, म्हणते. आई, तिला काय उरेल?

भिंगरीच्या डाव्या भुवईवर पडल्याची खूण आहे, लहानपणची. काल तापात म्हणत होती की त्या मुलीच्या आईच्या भुवईवरही अशीच आहे. अगदी अशीच. आणि तिची आईही लहानपणी गोल गोल फिरायची, म्हणून तिला म्हणायचे—

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. माझाच हात. मला ते नाव तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

२९ डिसेंबर

म्हणजे ती मोठी होणार आहे. एवढंच मी धरून बसले आहे. तिला लेक होणार असेल तर ती या तापातून उठणार, मोठी होणार, आई होणार. देवा, एवढं खरं असू दे.

पण मग पुढचंही खरं. एक दिवस दार लावून घे म्हणून सांगेल, खायला काही मिळतं का बघायला जाईल. आणि—

कुठल्या आईने काय मागावं? मी काय मागू?

३ जानेवारी

बाहेरचा कोबी गेला. सगळा. शिरा तेवढ्या उभ्या आहेत. फवारण्या करून करून लोक थकले, किडे मेले नाहीत, पुढची पिढी आणखी निबर निघाली. दुकानात भाजीच्या टोपल्या पालथ्या घातल्या आहेत, पावही मोजून मिळतो. संध्याकाळी पतंग उठतात तेव्हा शेतावर धूळ उडाल्यासारखी दिसते.

भिंगरीचा हात माझ्या दोन बोटांत मावतो. त्या अळीला धरायचे तसा जपून धरते.

७ जानेवारी

वीज गेली. ‘नात’चं हीटर बंद. बाई आणि मी काट्यापाशी. मनातल्या मनात म्हणत होते, उतर, उतर. कधी नाही ते एका खोलीला हात जोडले.

उतरला नाही.

बाईंनी दोन्ही दारं उघडून टाकली. आतली हवा आणि बाहेरची, एकच. त्या म्हणाल्या की आता कोंडून ठेवण्यासारखं काही उरलं नाही. कपाट आवरून गेल्या. मामा उंबऱ्यात बसून राहिले, लहान मुलासारखे रडत. मी त्यांच्या शेजारी बसले. मग आत गेले, मागच्या रांगेपर्यंत.

कोणी नव्हतं. भिंतीपाशी मधले तुकडे ओळीने मांडून ठेवले होते. पावाचे. पानांचे. एकही खाल्लेला नव्हता.

खाली मऊ मातीत पावलं. छोटी. दाराकडे जाणारी.

९ जानेवारी

मामा आज आले नाहीत.

भिंगरी विचारते, दाराला कडी का लावलीस. सांगितलं, पतंग येतात. म्हणाली, तिला कडीपर्यंत हात पुरत नाही गं. बाहेरूनही.

११ जानेवारी

दुपार. ऊन असं की—

दार वाजतं आहे. खालच्या बाजूला. लहान हात.

आजी म्हणते. सरळ, स्पष्ट. मागितलेलं काही नाही, नुसती हाक. भिंगरीला ओ द्यायला शिकवलं तसंच कोणीतरी हिला हाक मारायला शिकवलं आहे. शेवटचं अक्षर लांबवून. माझ्यासारखं.

पतंग काचेला. खिडकी राखाडी झाली.

भिंगरी उठून बसली. किती दिवसांनी. पाय खाली सोडले. गाल लाल, डोळे लख्ख. म्हणते, आई, ऐक ना. माझी लेक आली.

सहा वर्षांची माझी पोर. माझी लेक आली, म्हणते.

दुधावरची साय म्हणतात नातीला. दारात उभी आहे. उन्हात. आई परत आली नाही म्हणून आईच्या आईकडे आली. इतक्या लांबून. मी कडी लावून बसले आहे. अशी कशी मी आजी—

डबे पाहिले, रिकामे. सगळे. ताटलीत एक गोल तुकडा. भिंगरीने ठेवलेला. एवढाच.

भिंगरी कडीपाशी. हात पुरत नाही. मला उचल, म्हणते.

बाहेरून विचारते आहे. रागाने नाही. रागाने असतं तर बरं झालं असतं. आजी, माझ्यासाठी काय ठेवलंत?

उघडते. उघडते गं बाळा, ही आले. पण तुला सांगू काय — आम्ही तुझ्यासाठी काहीच ठेव—